बहात्तरावा हिस्सा

प्लास्टिकच्या मॉडेलला दाद डोळे देतात. ओतीव धातूच्या मॉडेलला आधी तळहात देतो.

माझ्या संग्रहातलं सगळ्यांत आवडतं विमान म्हणजे मिग-21 या लढाऊ विमानाचा एफएल हा प्रकार, 1:72 मापात. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सात मीटरांहून थोडा जास्त. इथे तो दहा सेंटिमीटर, तळव्यात मावेल इतका. पण हाताला ते जड लागतं, आणि या जडपणाचाच मला मोह आहे.

हा जडपणा खरा नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बहात्तराने भागल्या की आकारमान 3,73,248 पटींनी घटतं. उड्डाणाला सज्ज एफएल साधारण पावणेआठ टनांचं. त्याला त्याच हिशेबाने भागलं तर उत्तर येतं जेमतेम 21 ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर. माझं मॉडेल याच्या कितीतरी पट भरतं. लांबी-रुंदी-उंची खरी, वजन खोटं.

यात कारागिराचा दोष नाही. विमानाचा पत्रा असतो एक-दोन मिलिमीटरचा. बहात्तराने भागला तर तो कागदाहून पातळ होईल, आणि पोलादी साच्यात इतका पातळ धातू ओतता येत नाही. शिवाय हा धातू जस्ताचा, थोडं ॲल्युमिनियम मिसळलेला. विमानाच्या मूळ धातूपेक्षा दुपटीहून जड. रेषांचंही तेच. पत्र्याच्या सांध्याची कोरीव रेघ दोन दशांश मिलिमीटर धरली तरी खऱ्या विमानावर ती चौदा मिलिमीटरांची फट ठरते. असं विमान कोणताही तंत्रज्ञ धावपट्टीवर जाऊ देणार नाही. पण ती रेघ नसती, तर विमान तुकड्या-तुकड्यांनी जोडलेलं असतं हे डोळ्याला कळलं नसतं.

काही सत्यं वाढवून सांगावी लागतात, तरच ती दिसतात.

उडणाऱ्याला वजन परवडत नाही. मिगच्या या वंशात रडार आणि इंधन वाढवताना आतली तोफ काढून टाकली गेली. क्षेपणास्त्रं आली, आता तोफ कशाला, असा तो काळ होता. 1965 च्या भारत-पाक युद्धाने तो विश्वास डळमळीत केला. मग एफएलच्या पोटाखाली जीपी-9 हे तोफेचं वेगळं नळकांडं टांगलं गेलं. 12 डिसेंबर 1971 रोजी कच्छच्या आखातावर भारतीय वैमानिक भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडलं, ते याच तोफेने. स्टारफायटरचे वैमानिक मर्विन मिडलकोट समुद्रात पडले आणि पुन्हा सापडले नाहीत. मॉडेलमध्ये ही तोफ सुटी येते, बोटाच्या पेराहून फार मोठी नाही. लावायची की नाही हे ठरवणं म्हणजे विमानाचा काळ ठरवणं. मी लावतो.

पंखाखालच्या रॉकेटच्या नळ्यांकडे मी सगळ्यांत जास्त वेळ पाहतो. प्रत्येकीच्या तोंडाला सोळा भोकं. 57 मिलिमीटरच्या रॉकेटचं भोक इथे एक मिलिमीटरहूनही बारीक. मोजायला भिंग लागतं. 14 डिसेंबर 1971 रोजी विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली 28 स्क्वाड्रनच्या मिग-21 विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अशाच नळ्यांतून रॉकेट्स सोडली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी ढाका शरण आलं.

छताखाली कोण कोण होतं, हे 1:72 मापात कधीच दिसत नाही. संग्राहकाने ते स्वतःहून आठवलं पाहिजे.

मराठी माणसाला हे विमान परकं नाही. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची वाटणी होती. नाशिकच्या द्राक्षमळ्यांवरून या विमानाचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या गेला आहे. ओझरमध्ये कितीतरी घरं त्याच्या रिव्हेटांवर उभी राहिली, मुलं शिकली, लग्नं झाली. ते हात कुठल्याही मॉडेलवर छापले जात नाहीत. छापला जातो तो स्क्वाड्रनचा बिल्ला.

आणि काही घरं याच विमानाने रिकामी केली. मे 2012 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की मिग जातीच्या 872 विमानांपैकी 482 अपघातांत गेली; 171 वैमानिक आणि 39 नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांतल्या एका वैमानिकाचं नाव महाराष्ट्राने घरचं म्हणून ऐकलं: फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. सप्टेंबर 2001 मध्ये सुरतगडहून रात्री झेपावलेलं त्यांचं मिग-21 कोसळलं. आई कविता गाडगीळ त्यानंतर वर्षानुवर्षं या विमानाविषयी प्रश्न विचारत राहिल्या. त्यांचे प्रश्न वाचल्यापासून मी या विमानाला नुसतं देखणं म्हणू शकत नाही. ते देखणं आहे, हेही मला नाकारता येत नाही. त्रिकोणी पंख, नाकाच्या तोंडातला सुळका, आणि इतकं अरुंद अंग, की माणसाची जागा शेवटी आठवून ठेवली असावी.

विमान उडताना मांडावं की उभं, यावर संग्राहकांत वाद आहे. मी चाकं खाली ठेवतो. परत आलेलं विमान मला पाहायचं असतं.

1963 मध्ये चंदिगडला हवाई दलात आलेलं मिग-21 चंदिगडलाच 26 सप्टेंबर 2025 रोजी निवृत्त झालं. बासष्ट वर्षं. त्यानंतर मॉडेलची चौकशी करणारे वाढले आहेत, त्यांत एकेकाळी या विमानावर काम केलेलेही आहेत. ते मॉडेल हातात घेतात, उलटं करून पोट पाहतात, एखादं झाकण बोटाने दाखवतात आणि तिथे काय असायचं ते सांगतात. मी लिहून घेतो.

घरी येणाऱ्या मुलांना मी विमान काचेआडून दाखवत नाही, हातात देतो. वाकला तर नाकावरचा दांडा सरळ करता येतो. ती म्हणतात, जड आहे. मग वही काढून त्यांना तीनदा बहात्तराने भागायला लावतो. भागाकार संपला की प्रश्न सुरू होतात, आणि ते यंत्राकडून फार लवकर माणसाकडे वळतात: यात कोण बसायचं, त्याचं पुढे काय झालं? त्यासाठी प्रत्येक मॉडेलबरोबर मी एक टाचण ठेवतो: विमानाचा क्रमांक, स्क्वाड्रन, तळ आणि माहीत असलेली नावं. एफएलचं टाचण सगळ्यांत लांब झालं आहे. गेल्या महिन्यात त्याला नवं पान जोडावं लागलं.