आधी माणसे मोजा



संत मार्कच्या शुभवर्तमानात (६:४५-५२) शिष्यांची होडी सरोवराच्या मध्यावर आहे. रात्र झाली आहे, वारा समोरून आहे आणि वल्ही मारून मारून शिष्य थकले आहेत. डोंगरावर प्रार्थनेला गेलेला प्रभू येशू त्यांना दिसत नाही. पण त्यांचे हाल प्रभूला दिसत आहेत. चौथ्या प्रहरी तो त्यांच्याकडे येतो.

वल्ह्यांचे हे कष्ट समजून घ्यायचे तर हवाई बेटांकडे पाहू या. तिथे सहा जणांची लांब, अरुंद होडी असते. ती उलटू नये म्हणून तिच्या डाव्या बाजूला, थोड्या अंतरावर, दोन आडव्या दांड्यांनी एक तरंगते लाकूड बांधलेले असते. आपल्या कोकणातील कोळी बांधव त्याला उलांडी म्हणतात. मोलोकाई बेटापासून ओआहू बेटापर्यंतची या होड्यांची प्रसिद्ध शर्यत १९५२ साली सुरू झाली. अंतर सुमारे ६६ किलोमीटर, आणि मधली खाडी खवळलेल्या पाण्याबद्दल प्रसिद्ध.

या होडीत पहिल्या जागेवरचा गती ठरवतो आणि बाकीचे त्याच्याशी मेळ साधतात. एकटाच जोर लावणारा तिथे उपयोगाचा नसतो. सुकाणू सांभाळणारा सर्वांच्या मागे बसतो. वल्हेकऱ्यांची तोंडे पुढे, म्हणून तो त्यांना दिसत नाही. फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. त्या आवाजावर विश्वास ठेवूनच वल्ही चालतात.

मोठी लाट आली की घाबरलेला नवखा माणूस वल्हे वर उचलतो आणि होडीची कड घट्ट धरतो. खरे तर पाण्यात असलेले वल्हेच होडीला आधार देत असते. भीतीने अंग उजवीकडे झुकले तर उलांडी पाण्यातून वर उचलली जाते आणि होडी उलटते. आपलेही असेच होत नाही का? घरात आजारपण आले, कर्ज झाले, भावाभावांत वाद झाला, की आपण सर्वांत आधी प्रार्थना सोडतो, मिस्सा सोडतो, माणसे टाळतो.

होडी उलटली तर तिथला नियम साधा आहे : आधी माणसे मोजायची. प्रत्येक जण आपल्या जागेचा क्रमांक ओरडून सांगतो. कोणीही होडी सोडून पोहत जायचे नाही. सर्वांचा आवाज आला की मग वल्ही गोळा करायची, होडी सुलटी करायची, पाणी उपसायचे आणि पुन्हा बसायचे.

ही शर्यत ज्या मोलोकाई बेटावरून निघते, तिथेच कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडून ठेवले जात असे. जे मोजणीतून वगळले गेले होते, त्यांच्यात संत डेमियन १८७३ साली जाऊन राहिले. प्रवचनात ते त्यांना 'तुम्ही' म्हणत नसत, 'आपण कुष्ठरोगी' म्हणत. पुढे त्यांनाही तो रोग झाला आणि १८८९ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

प्रियजनहो, आपला धर्मग्राम हीदेखील एक होडीच आहे. सणाचा खर्च आपण मोजतो, वर्गणी मोजतो. माणसे मोजतो का? आपल्या बाकावर नेहमी बसणारे कोण हल्ली दिसत नाही? वादानंतर कोणाचे येणे थांबले? कोणाची आई अंथरुणाला खिळली आहे? या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जावे. उपदेश करायला नको, चूक कोणाची हे ठरवायलाही नको. फक्त, तुमची जागा रिकामी आहे आणि आम्हाला ती जाणवते, एवढे सांगावे.

प्रभू होडीत आला आणि वारा पडला. तो येईपर्यंत शिष्य होडीतच होते, एकत्र होते. आपणही तसेच राहू या.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो.