लाट आणि किनारा

निष्ठा या शब्दापुढे आपण सारे सहज नम्र होतो. अमुक पंडिताने चाळीस वर्षे एका कोशाला वाहिली, तमुक गायकाने ऐन थंडीत पहाटे उठून खर्ज भरला, असे ऐकले की ती निष्ठा कशावर होती आणि तिच्यापायी आणखी काय काय घडले, हे विचारण्याचे भान आपणांस राहत नाही. विषय थोर असला की हा प्रश्न झाकून जातो. तो उघडा पडावयाचा असेल, तर निष्ठेचा विषयच असा पाहिजे की, ज्याचा जगाला काडीचाही उपयोग नाही. समुद्राच्या फुटत्या लाटेवर फळी घेऊन उभे राहणे, ज्यास सर्फिंग म्हणतात, हा तसा विषय आहे. आणि त्यावरील एका विख्यात अनुबोधपटाने आम्हांस हा प्रश्न नव्याने विचारावयास लावला.

‘द एंडलेस समर’ हा तो पट. ब्रूस ब्राउन या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा पट १९६६ साली सर्वत्र प्रदर्शित झाला. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट हे कॅलिफोर्नियातील दोन तरुण उन्हाळ्याच्या मागोमाग पृथ्वीप्रदक्षिणेस निघतात. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती आणि हवाई असा तो प्रवास आहे. एका गोलार्धात हिवाळा लागला की दुसऱ्यात उन्हाळा असतोच, एवढ्या साध्या भूगोलावर सारे कथानक उभे आहे. त्यांना हवी आहे एक निर्दोष लाट, आणखी काही नको. समुद्र न पाहिलेल्या लोकांना यात काय गोडी वाटणार, अशी शंका वितरकांनी काढली. तेव्हा ब्राउन यांनी कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरी, समुद्रापासून शेकडो कोस आत, भर हिवाळ्यात तो लावून दाखविला, आणि तेथेही प्रेक्षकांची रीघ लागली. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर, कोणत्याही किनाऱ्यापासून रात्रभराच्या प्रवासावर राहणाऱ्या आम्हां बंगळूरकरांस याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

या निष्ठेवरील पहिला आक्षेप उपयोगाचा. चोळमंडलाच्या किनाऱ्यावरील कोळी पिढ्यान्‌पिढ्या कट्टुमरम घेऊन तीच फुटती लाट ओलांडत आले. त्यांच्या त्या कौशल्यावर घरची चूल पेटते. फळीवरील तरुणाच्या कौशल्यावर काय पेटते? दूर दक्षिण महासागरात वादळ होते, त्याची लय हजारो मैल चालत येते. पाणी बहुतांशी जागच्या जागी राहते, पुढे सरकते ती केवळ हालचाल. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की लाटेचा पाया अडखळतो, माथा पुढे कोसळतो, आणि त्या कोसळण्याच्या चार-दोन क्षणांपुरता तो तरुण तीवर उभा असतो. मागाहून समुद्रावर ओरखडादेखील राहत नाही.

हा आक्षेप आम्हांस टिकण्याजोगा वाटत नाही. मैफल उठल्यावर यमन कोठे राहतो? पंढरीची वाट चालून वारकऱ्याच्या पदरात मापाने मोजता येईल असे काय पडते? माणसाने केलेल्या कित्येक चांगल्या गोष्टींचा ओरखडा राहत नाही, आणि केवळ तेवढ्यावरून त्या हलक्या ठरत नाहीत. मात्र निष्फळ म्हणजेच निष्काम, असे कोणी समजू नये. गीतेने फळाची आशा सोडावयास सांगितले. ज्या कर्माला फळच नाही त्यातही आशा चिवटपणे वस्ती करून असते. परिपूर्ण लाटेची तहान ही तहानच होय, आणि तहानलेल्या माणसास विहिरीखेरीज दुसरे फारसे दिसत नाही.

खरा आक्षेप येथे सुरू होतो. पटाचा कळस दक्षिण आफ्रिकेत केप सेंट फ्रान्सिस येथे आहे. दोघे तरुण वाळूच्या टेकड्या तुडवीत जातात आणि ज्या लाटेचा ध्यास घेतला होता ती त्यांच्यापुढे उलगडत येते. दृश्य अपूर्व आहे. परंतु त्या काळी त्या देशात, १९५३ च्या कायद्याच्या आधाराने, सार्वजनिक जागा वर्णावरून वाटून दिल्या जात, आणि समुद्रकिनारेही त्या वाटणीतून सुटले नव्हते. याच प्रवासात डर्बन लागते. १८९३ साली गांधीजी उतरले ते हे शहर. तेथे हिंदी लोकांची वस्ती मोठी. गोऱ्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर त्यांच्या मुलांना पाण्यात उतरण्याची मुभा नव्हती. जलचरांवरून वर्णभेदाला उद्देशून केलेली एक हलकीफुलकी कोटी, एवढ्यावर पट पुढे सरकतो. त्यात दुष्टावा आहे असे आम्ही म्हणत नाही. दोघा तरुणांची दृष्टी लाटेवर खिळली होती. किनाऱ्यावर कोण नाही, हे पाहण्यासाठी मान वळवावी लागली असती, आणि मान वळविली असती तर लाट निसटली असती. एकाग्रता आणि आंधळेपणा यांची शीव एवढी निकट असते.

मग असा ध्यास धरूच नये काय? याचे उत्तर याच खेळातील एका माणसाच्या चरित्रात मिळते. हवाईचा एडी ऐकाउ हा प्रचंड लाटांवरील नामांकित स्वार. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो स्पर्धेसाठी डर्बनला गेला, तेव्हा कातडीचा रंग पाहून त्याला हॉटेलात जागा नाकारण्यात आली. ज्या वाइमिया उपसागरातील लाटांनी त्याला कीर्ती दिली, तेथेच तो १९६८ पासून जीवरक्षक होता. लाट कोठे फुटेल याचे त्याचे ज्ञान बुडणाऱ्यांच्या कामी आले. १९७८ च्या मार्चमध्ये ‘होकुलेआ’ ही होडी समुद्रात उलटली. तेव्हा मदत आणण्यासाठी तो आपली फळी घेऊन एकटा निघाला. बाकीचे खलाशी वाचले. तो पुन्हा दिसला नाही. ज्या फळीचा जगाला उपयोग नव्हता, ती त्या वेळी सोबत्यांसाठी समुद्रात पडली. ध्यास तोच, विद्या तीच. मान मात्र वळलेली होती.

आपल्या किनाऱ्यावरही हे पाहावयास मिळते. मंगळूरजवळ मुल्की येथे २००४ पासून एक सर्फ आश्रम उभा राहिला. जॅक हेब्नर या अमेरिकन वैष्णव संन्याशाने तो स्थापिला. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणत. २०२० साली ते निवर्तले. दारू, धूम्रपान वर्ज्य. सकाळी लाटा आणि त्याबरोबर भक्तीचा नेम, अशी तेथील रीत. चेन्नईजवळच्या कोवळम गावात मूर्ती मेगवन या कोळ्याने हा खेळ आत्मसात केला आणि गावातील मुलांना शिकविण्यास आरंभ केला. मुलांना अट एकच: शाळा सोडावयाची नाही आणि व्यसनाला शिवावयाचे नाही. बापाने पोटासाठी ओलांडलेली लाट मुलाने खेळासाठी अंगावर घ्यावी, आणि त्या खेळाने त्याला शाळेत टिकवावे, यात उपयोग आणि आनंद यांचे जुने भांडण पुष्कळसे मिटते.

परंतु हा सारा न्याय आपण परक्या तरुणांच्या फळीलाच लावून मोकळे झालो, तर तो सोयीचा न्याय होईल. उपयुक्त कामाची निष्ठा ही काही आपोआप डोळस नसते. आम्ही कारकुनी पेशातील माणसे. टिपणे नेमकी, नोंदी चोख, नस्ती तिच्या जागी, ही आमची लाट. तीवर तोल साधण्याचाही एक आनंद असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण निवृत्तिवेतनाच्या चौकशीला आलेली वृद्ध विधवा खिडकीपाशी तासभर तिष्ठत असते आणि आतला कर्तव्यदक्ष माणूस नोंद बिनचूक करण्यात गढलेला असतो. त्याला कोणी आळशी म्हणणार नाही. त्याची निष्ठाच त्याची मान वळू देत नाही.

म्हणून निष्ठावंतास त्याच्या निष्ठेचे फळ काय, हे विचारण्यापेक्षा, त्या वेळी किनाऱ्यावर कोण होते आणि कोणास येऊ दिले नव्हते, हे विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येते, त्याने खुशाल आयुष्यभर लाटांची वाट पाहावी.