रसिकाचा पैसा आणि कंपनीचा हिशेब

संगीताची खरेदी इतर खरेदीसारखी नसते, आणि तिच्याविषयीचा नैतिक विचार बहुधा याच ठिकाणी अडखळतो. साबण, कापड किंवा मोटार बनवणाऱ्या एखाद्या कारखानदाराचे वर्तन ग्राहकाला पटत नसेल, तर तो दुसऱ्याचा माल घेतो आणि त्याची गरज जवळजवळ तितकीच भागते. अर्थशास्त्रात अशा मालाला पर्यायी वस्तू म्हणतात. ज्याला मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायचे आहेत, त्याला मात्र दुसरा कितीही थोर गायक पर्याय म्हणून देता येत नाही, आणि ती ध्वनिमुद्रिका ज्या कंपनीच्या मालकीची असेल तिच्याच दारातून त्याला जावे लागते. रसिकाची निष्ठा कलावंताशी असते आणि पैसा कंपनीकडे जातो. ही निष्ठा जितकी गाढ, तितकी कंपनीची पकड घट्ट, कारण ज्या वस्तूला पर्याय नाही तिच्या विक्रेत्याला ग्राहक निघून जाण्याची भीती फारशी नसते. म्हणून बड्या कंपन्यांकडून संगीत विकत घ्यावे की नाही हा प्रश्न केवळ वैयक्तिक शुचितेचा म्हणून मांडला, तर त्याचे उत्तर मिळत नाही, आणि रसिक एक तर अपराधी भावनेत अडकतो किंवा विचार करणेच सोडून देतो.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात, आणि १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाल्यावर भारतीय संगीताचा हा व्यापार देशात स्थिरावला. १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या दोन प्रतिस्पर्धी संस्था एकत्र येऊन ‘ईएमआय’ ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेली ‘एचएमव्ही’ची तबकडी मराठी घरांत नाट्यगीत, भावगीत आणि ख्याल घेऊन आली ती याच साखळीतून, आणि भारतीय ग्रामोफोन कंपनी १९८०च्या दशकाच्या मध्यास एका भारतीय उद्योगसमूहाकडे जाईपर्यंत त्या तबकड्यांच्या नफ्यातला वाटा ईएमआयकडे जात राहिला.

ही ईएमआय केवळ गाण्यांची कंपनी नव्हती. पहिल्या महायुद्धात ग्रामोफोन कंपनीचा हेज येथील कारखाना तोफगोळ्यांचे भाग बनवण्याच्या कामी लागला होता; दुसऱ्या महायुद्धात ईएमआयचे अभियंते बॉम्बफेकी विमानांवर बसवायच्या रडारवर काम करत होते, आणि स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा पाया घालणारे अ‍ॅलन ब्लमलाइन १९४२ मध्ये अशाच रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून मृत्यू पावले. ज्या बुद्धीने दोन कर्ण्यांतून येणारा सुरांचा अवकाश घडवला, तीच बुद्धी अंधारातल्या शहरांवर नेम धरण्याच्या यंत्रातही होती. याच कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी सीटी स्कॅनचे यंत्र विकसित केले आणि १९७९ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बीटल्सच्या तबकड्यांच्या नफ्यातूनच हे यंत्र साकारले अशी एक आवडती समजूत आहे, परंतु ती अतिशयोक्त आहे, कारण त्या संशोधनामागे ब्रिटिश सरकारच्या आरोग्यखात्याचाही मोठा पैसा होता. तबकडीचा कच्चा माल पाहिला तरी चित्र असेच गुंतागुंतीचे दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत लाख वापरली जात असे आणि ती मोठ्या प्रमाणावर छोटा नागपूरच्या जंगलांतून येई, जिथे ती गोळा करणाऱ्या आदिवासींच्या मजुरीचा विचार तबकडी ऐकणाऱ्याच्या मनात क्वचितच येत असेल. बालगंधर्वांची तबकडी विकत घेणाऱ्याचा एक रुपया रडारला गेला, रुग्णालयाला गेला की लाखेच्या दलालाला, हे वेगळे काढणे कोणालाही शक्य नव्हते. मोठ्या भांडवलाचे स्वरूपच असे असते की त्यात शिरलेला पैसा आपली ओळख हरवून बसतो.

ईएमआयच्या शस्त्रव्यवहाराचा प्रश्न ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात उघडपणे विचारला गेला. १९७९ मध्ये ही कंपनी थॉर्न या उद्योगसमूहात विलीन झाली होती आणि त्या समूहाचा संरक्षण-सामग्रीचा व्यवसाय मोठा होता. पंक संगीताच्या, म्हणजे प्रस्थापित संगीत-व्यवसायाला आणि सत्तेला आव्हान देणाऱ्या त्या काळच्या चळवळीच्या, अनेक गटांनी ईएमआयवर बहिष्काराची हाक दिली. त्यांत चंबावांबा हा अराजकवादी गट होता. आपल्या तबकड्या तो स्वतःच प्रकाशित करत असे, आणि १९८९ मध्ये ईएमआयच्या निषेधार्थ निघालेल्या एका संकलनात त्याचाही सहभाग होता. १९९७ मध्ये याच गटाने ईएमआयच्या जर्मन शाखेशी करार केला आणि त्याचे ‘टबथम्पिंग’ हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचले. जुन्या चाहत्यांना हा विश्वासघात वाटला. गटाचे म्हणणे असे होते की थॉर्न आणि ईएमआय यांची १९९६ मध्ये फारकत झाली आहे आणि एरवी आपले म्हणणे ज्यांच्यापर्यंत कधीच पोचले नसते अशा लोकांपर्यंत ते आता पोचेल. पुढे २००२ मध्ये जनरल मोटर्सने एका मोटारीच्या जाहिरातीसाठी या गटाचे गाणे वापरले, तेव्हा मिळालेली रक्कम गटाने इंडीमीडिया आणि कॉर्पवॉच या बड्या कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या संस्थांना देऊन टाकली.

या प्रकरणात नीतिशास्त्रातल्या दोन वेगळ्या भूमिका एकमेकींसमोर उभ्या आहेत, आणि चाहत्यांचे बहुतेक वाद या दोहोंची गल्लत झाल्यामुळे चिघळतात. पहिली भूमिका सहभागाच्या दोषाची आहे: जो व्यवहार वाईट आहे त्यात आपला पैसा किंवा आपले नाव असू नये, मग आपण दूर राहिल्याने त्या व्यवहाराला धक्का लागो वा न लागो. दुसरी परिणामाची आहे, आणि ती विचारते की या कृतीने प्रत्यक्षात काय बदलले. चंबावांबाने पहिलीकडून दुसरीकडे जाताना आपली तत्त्वे विकली असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण जाहिरातीचा पैसा जाहिरातदाराच्याच विरोधकांना देणे ही लबाडी नव्हे. परंतु त्या करारातून ईएमआयचे काही बिघडले असेही दिसत नाही. कंपनीला बंडखोरीचा तिटकारा नसतो. बंडखोरी खपत असेल तर ती बंडखोरीही विकते.

बहिष्काराची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १९०५ मध्ये वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, आणि लोकमान्य टिळकांनी स्वदेशी व बहिष्कार हे चतुःसूत्रीतले दोन स्वतंत्र घटक मानले. हे वेगळेपण महत्त्वाचे आहे, कारण बहिष्कार केवळ नकार देतो आणि स्वदेशी पर्यायी उत्पादन उभे करते. संगीतातही असे प्रयत्न झाले: कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वतःच्या मुद्रिका काढल्या आणि त्यांत रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित केला, तर मुंबईत पुढे ‘यंग इंडिया’ या नावाने देशी तबकड्या निघाल्या. या उद्योगांचे आयुष्य मर्यादित राहिले, आणि त्याचे कारण पुन्हा पर्यायाच्या अभावात आहे: गिरणीचे कापड सोडून खादी नेसता येते, परंतु जो गायक एका कंपनीशी करारबद्ध आहे त्याचा आवाज दुसरी कंपनी काढू शकत नाही, आणि रसिक कंपनीचे बोधचिन्ह पाहून नव्हे तर गायकाचे नाव पाहून तबकडी घेतो.

आज हा प्रश्न प्रवाही सेवांच्या, म्हणजे गाणे विकत न देता मासिक वर्गणीवर किंवा जाहिरातींसह ऐकू देणाऱ्या कंपन्यांच्या, संदर्भात परत आला आहे. स्टॉकहोममध्ये २००६ साली स्थापन झालेल्या स्पॉटिफायचे संस्थापक डॅनिएल एक यांच्या गुंतवणूक-संस्थेने २०२१ मध्ये हेल्सिंग या जर्मन युद्धतंत्रज्ञान कंपनीत पैसा घातला आणि २०२५ मध्ये ती गुंतवणूक कितीतरी वाढवली; ही कंपनी युद्धासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणाली आणि ड्रोन बनवते. त्यानंतर डीअरहूफ, किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड यांसारख्या गटांनी आपले संगीत स्पॉटिफायवरून काढून घेतले, आणि मॅसिव्ह अटॅक या ख्यातनाम ब्रिटिश गटानेही तशीच मागणी केली. चार दशकांपूर्वी ईएमआयला विचारलेलाच हा प्रश्न आहे. या कलावंतांची कृती आदरणीय आहे, कारण तिची किंमत ते स्वतः मोजत आहेत. चाहत्याने मात्र एका सेवेची वर्गणी बंद करून दुसरीची घेतली म्हणजे आपले काम झाले असे मानू नये, कारण दुसरी सेवा बहुधा त्याहूनही मोठ्या भांडवलाच्या पोटात असते.

या सेवांचा खरा अन्याय त्यांच्या वाटपाच्या सूत्रात आहे, आणि तो मराठी रसिकाला अगदी जवळून लागू होतो. रूढ पद्धतीत श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंताकडे जात नाही. सर्वांची वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका समाईक निधीत जमा होते, कंपनी आपला हिस्सा काढते, आणि उरलेली रक्कम एकूण श्रवणांतील वाट्याच्या प्रमाणात हक्कधारकांना वाटली जाते. एखाद्याने महिनाभर केवळ किशोरी आमोणकर ऐकल्या, तरी त्याच्या शंभर रुपयांतील बहुतांश भाग त्याने कधीही न ऐकलेल्या चित्रपटगीतांच्या मालकांकडे जातो. त्यातच, गाणे तीस सेकंद वाजले की एक श्रवण मोजले जाते. म्हणजे तीन मिनिटांचे चित्रपटगीत आणि चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल हिशेबात सारखेच ठरतात, आणि रागाचा विस्तार करणारा गायक त्या विस्ताराचीच शिक्षा भोगतो. २०२४ पासून स्पॉटिफायने असाही नियम केला की मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणे न मिळालेल्या मुद्रिकेला मुद्रणाच्या हक्कापोटी काहीच दिले जाणार नाही. जिल्ह्याच्या गावी राहून भारूड किंवा दशावतारातली पदे मुद्रित करणाऱ्या कलावंताला हा उंबरठा ओलांडणे सोपे नाही. श्रोत्याचा पैसा त्याने ऐकलेल्या कलावंतालाच मिळावा अशी श्रोतानिष्ठ वाटपाची पद्धत अस्तित्वात नाही असेही नाही, कारण साउंडक्लाउडने २०२१ मध्ये तिचा अवलंब सुरू केला.

कलावंत आणि कंपनी यांच्यातला हिशेब रसिकाच्या नजरेआड राहिला, यात कंपनीइतकाच रसिकाचाही वाटा आहे. १९६०च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकाला स्वामित्वधनात, म्हणजे मुद्रिकेच्या विक्रीतून पुढे मिळत राहणाऱ्या उत्पन्नात, वाटा हवा असा आग्रह धरला. मानधन घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो असे महंमद रफी यांचे मत होते, आणि काही वर्षे दोघांची द्वंद्वगीते थांबली. त्या घटनेची आठवण आजही दोन आवाजांच्या दुराव्याची हकिकत म्हणून सांगितली जाते, आणि मुळातला प्रश्न, जो करारातला न्यायाचा होता, बाजूला राहतो. गीतकार आणि संगीतकारांचा चित्रपटगीतावरील हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७च्या एका निर्णयानंतर निर्मात्यांकडे गेला, आणि स्वामित्वधनात समान वाटा मिळण्याचा त्यांचा हक्क सोडून देता येणार नाही अशी तरतूद होण्यासाठी २०१२ची कायदादुरुस्ती यावी लागली. त्या वेळी राज्यसभेत जावेद अख्तर बोलले आणि कलावंतांच्या संघटनांनी पाठपुरावा केला. या गाण्यांवर जगलेल्या कोट्यवधी श्रोत्यांनी मात्र संघटितपणे काहीच केले नाही.

संघटित चाहतावर्ग काय करू शकतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. कॅसेट आल्यावर ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली, आणि मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसे पाहिले नव्हते त्या संगीताला बाजारपेठ मिळाली. आंबेडकरी जलशांच्या परंपरेतून आलेली भीमगीते छोट्या कॅसेट-कंपन्यांनी काढली. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी ती कॅसेट आणि पुढे सीडीच्या रूपाने विकली गेली. या खरेदीत ऐकण्याचा आनंद होता आणि आपल्या चळवळीला आधार देण्याचा हेतूही होता. त्या छोट्या कंपन्यांनी प्रत्येक शाहिराला न्याय्य मोबदला दिला असे म्हणता येणार नाही. तरीही गाणे कोणासाठी आहे हे ठरवण्याचा अधिकार येथे श्रोत्यांच्या हाती होता, आणि तो बड्या कंपनीच्या परवानगीवाचून चालला. भारतीय तबकडीसंग्राहकांच्या संस्थेचे, म्हणजे १९९० पासून मुंबईतून काम करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे, कामही याच जातीचे आहे: जुन्या तबकड्यांची नोंद, सूची आणि जतन हे काम तिथे केवळ प्रेमापोटी झाले.

चोरीच्या प्रतीत मात्र या प्रश्नाचे उत्तर नाही. कंपनी अन्याय करते म्हणून गाणे फुकट उतरवून घेणारा श्रोता कंपनीचा तोटा कमी आणि कलावंताचा अधिक करतो. उलट, शक्य असेल तेथे कलावंताकडून थेट विकत घेणे, मैफलीचे तिकीट काढणे, सन्मानिका मागत न फिरणे, या साध्या गोष्टींनी पैसा त्याच्यापर्यंत जास्त खात्रीने पोचतो. अर्थात थेट विक्रीची दुकानेही कायम टिकतील असे नाही. कलावंतांना विक्रीतला मोठा हिस्सा देणारे बँडकॅम्प हे संकेतस्थळ २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतले, पुढच्याच वर्षी ते साँगट्रेडर या कंपनीला विकले गेले, आणि त्या व्यवहारात निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

महाराष्ट्रात रसिकांच्या संस्था कमी नाहीत. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे, भास्करबुवा बखले यांनी स्थापलेला पुण्याचा भारत गायन समाज १९११ पासून आहे, आणि गावोगावची संगीत मंडळे आजही वर्गणीतून मैफली भरवतात. या संस्थांनी आता मैफलीपलीकडे पाहिले पाहिजे. दीर्घ ख्यालाचे श्रवण कसे मोजले जाते, मराठी श्रोत्याची वर्गणी कोणाला मिळते, दिवंगत गायकाच्या वारसांना काही पोचते का, हे प्रश्न त्यांनी प्रवाही सेवांना आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांना लेखी विचारावेत, आलेली उत्तरे आपल्या सभासदांपुढे ठेवावीत, आणि भारतात श्रोतानिष्ठ वाटप सुरू करण्याची मागणी एकत्रितपणे करावी.