खोल खणणारा मनुष्य



दोन घरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संत मत्तय (७:२४-२७) वाळू आणि खडक यांविषयी सांगतो. संत लूकच्या शुभवर्तमानात (६:४७-४९) मात्र मूर्खाचे घर पायाविना नुसत्या मातीवर उभे आहे, आणि शहाणा मनुष्य खडक लागेपर्यंत खोल खणतो.

आपल्या दासगावला लूकचे शब्द अधिक जवळचे आहेत. जुलै २००५ मध्ये दरड कोसळली. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. डोंगराखाली राहावे तर दरडीचे भय, सपाटीला यावे तर पुराचे. मग खाडीलगतच्या जमिनीवर भराव टाकून जागा उंच करावी, असे आपल्याला वाटते.

पण उंची म्हणजे आधार नव्हे. खाडीची माती मऊ आणि पाण्याने भरलेली असते. भरावाचे वजनही तिच्यावरच पडते. तिच्यातील पाणी हळूहळू, कधी कित्येक वर्षे, निघत राहते आणि जमीन खचते. सैल भराव स्वतःही बसतो. सारे घर सारखे खचले तर नुकसान थोडे. एकच कोपरा खचला तर भिंतीला तिरपी भेग जाते, दरवाजा अडकतो.

म्हणून आधी खड्डे घेऊन, मोठ्या इमारतीसाठी बोअर घेऊन, माती तपासावी. निकृष्ट भराव उथळ असेल आणि खाली कठीण मुरूम लागत असेल, तर भराव काढून मुरुमावर पाया घ्यावा. नवा भराव टाकायचाच तर चांगला मुरूम वीतभर थरांनी, पाणी मारून, रोलरने दाबावा. मऊ माती खोलवर असेल तर कातळापर्यंत पाइल किंवा घराखाली एकसंध राफ्ट लागतो. राफ्ट घराला एकत्र धरतो, खचणे थांबवत नाही; आणि खचणारा भराव पाइललाही खाली ओढतो. हा हिशेब जाणकार इंजिनियरकडूनच करून घ्यावा.

हा सारा पैसा मातीत जातो. वास्तूच्या आशीर्वादाला आलेले पाहुणे फरशी पाहतात, पाया कोणी पाहत नाही. मोह नेमका तिथेच होतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ जण मरण पावले. न दिसणाऱ्या कामावर किती जीव विसंबून असतात, हे तेव्हा आपण पाहिले. 'खून करू नको' ही आज्ञा मालक, ठेकेदार आणि गवंडी यांनाही आहे.

संत थॉमस अक्वायनस विवेकाला नैतिक सद्गुणांत अग्रस्थान देतो. विवेकी मनुष्य जमीन जशी आहे तशी मान्य करतो आणि मगच बांधतो. आपल्यापैकी जे यंदा घर बांधणार आहेत, त्यांनी फरशी निवडण्याआधी माती तपासण्याचे पैसे बाजूला काढावेत. ज्यांच्या भिंतीला भेग आहे, त्यांनी तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. ती वाढू लागली तर नुसते प्लास्टर करून झाकू नये.

मनातील भेगांचेही असेच आहे. प्रभू आपल्याला खोल खणण्याचे धैर्य देवो. आमेन.