पुट्टीखालचा पत्रा

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 13. ज्ञानाची लक्षणे, सातवे : शौच

माउलींनो, आधी क्षमा मागतो. अमानित्वापासून आचार्योपासनेपर्यंत सहा लक्षणं आपण रोज एक याप्रमाणे पाहिली, आणि सातव्यापाशी मी चार दिवस अडकलो. तिघाचौघांनी फोन करून तब्येत विचारली. तब्येत बरी आहे. शौचावरचं चिंतन मंगळवारीच लिहून झालं होतं. चांगलं वठलंही होतं, बाह्य शुद्धी, अंतःशुद्धी, सगळं जागच्या जागी. बुधवारी गाडी गॅरेजला नेली आणि परत आल्यावर ते सगळं पुसून टाकलं.

आमच्याकडे एक जुनी पिकअप आहे, टाटा मोबाइल 206. पुण्याच्या कारखान्यातून 1988 साली ही गाडी निघाली आणि तिच्याच सांगाड्यावर पुढे 1991 मध्ये सिएरा आली. आमची गाडी वर्षानुवर्षं आरमोरीहून वडशाला धान वाहत आली. आता माझ्याच्यानं चालवणं होत नाही, म्हणून जवळच्या गावच्या एका पोराला द्यायचं ठरलं. भाजीपाल्याचा धंदा करतो म्हणाला. दहा हजार इसार दिला. माझा विद्यार्थी. "गुरुजी, तुमची गाडी म्हणजे पाहाचं काय काम जी?" असं म्हणून त्यानं बॉनेटसुद्धा उघडून बघितलं नाही.

देण्याआधी डावा हेडलाइट लागत नव्हता तेवढा करून घ्यावा, म्हणून मिस्त्रीकडे गेलो. त्यानं दिव्याच्या मागं हात घातला आणि मूठभर वाळलेला चिखल बाहेर काढला. मग आणखी मूठभर. मग म्हणाला, "गुरुजी, मडगार्ड खोलावं लागन." नटबोल्ट गंजून एकजीव झालेले. डिझेल ओतून, गॅसनं तापवून, दोन बोल्ट तुटले तेव्हा कुठं मडगार्ड हातात आला. आणि मिस्त्री माझ्याकडं पाहू लागला.

"आतला एप्रनच नाही जी इथं. दोन्हीकडं नाही."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकावरचा मडगार्ड आपल्याला दिसतो तो बाहेरचा पत्रा. तो आपण धुतो, पुसतो, दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहतो. त्याच्या आत, चाक आणि इंजिनाच्या मधोमध, आणखी एक पत्रा असतो, त्याला गॅरेजवाले एप्रन म्हणतात. तो कुणालाच दिसत नाही. चाक फिरताना जो चिखल, खडे, पाणी उडवतं त्याचा सगळा मार तो खातो. तो नसला की पाणी थेट पट्ट्यावर, वायरिंगवर जातं, आणि चिखल बाहेरच्या मडगार्डच्या पोटात, दिव्यामागं आणि दाराच्या खांबापाशी साठत राहतो. तिथं तो महिनोन्महिने ओला राहतो. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत बांधीकडच्या रस्त्यांचा चिखल कसा असतो ते झाडीपट्टीतल्या वाचकांना सांगायला नको. पत्रा आतून खात जातो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

मला आधी वाटायचं, गाडीला गंज चढतो तो पावसानं. पाऊस वरून पडतो आणि वाहून जातो. मडगार्ड सडवला तो गाडीच्या स्वतःच्याच चाकानं.

तर हा एप्रन गेला कुठं? मिस्त्रीला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. सातेक वर्षांपूर्वी इंजिनाचं काम निघालं तेव्हा हात जायला जागा हवी म्हणून दोन्ही पत्रे काढले होते. "बसवून देऊ का? अर्धा दिवस लागन," असं त्या वेळच्या कारागिरानं विचारलंही होतं. धान भरायचं होतं. मी म्हणालो, राहू द्या. ते पत्रे गोठ्यात पडले, मग भंगारवाल्याकडे गेले. तीन वर्षांपूर्वी मडगार्डला फोड आले तेव्हा मीच पुट्टी भरून वरून रंग मारून घेतला. त्या रंगाचं पुष्कळांनी कौतुक केलं.

आता मिस्त्री विचारत होता, "त्या पोराले सांगाचं का, पुट्टी भरून देऊ? दोन दिवसांत चकाचक करून देतो."

माउलींनो, मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन मिनिटं तरी गप्प होतो. त्या दोन मिनिटांत मी हिशेब करत होतो. पोरगा बॉनेट उघडत नाही, यंदाचा पावसाळा तर निघूनच जाईल, पुढं काही झालं तर जुनी गाडी आहे म्हणता येईल. हे सगळं डोक्यात येत होतं आणि आदल्याच दिवशी मी शौचावर लिहून ठेवलं होतं.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी शुचित्वाला कापराची उपमा दिली आहे. कापूर आतून वेगळा आणि बाहेरून वेगळा नसतोच. पण नुसत्या बाहेरच्या शुद्धीबद्दल ते जे बोलतात ते फार बोचतं. प्रेताला केलेला शृंगार, तीर्थात न्हाऊ घातलेलं गाढव, कडू भोपळ्याला फासलेला गूळ. हे दृष्टान्त मी प्रवचनात कितीदा सांगितले असतील, लोक हसतात, मीही हसतो. गॅरेजमधल्या लाकडी बाकावर बसून पहिल्यांदाच ते माझ्याविषयी आहेत असं वाटलं. पुट्टी म्हणजे दुसरं काय, गूळच तो.

आणि गाडीवर थांबलं नाही. सामुदायिक प्रार्थनेला मी पुढच्या रांगेत बसतो. रोज इथं चिंतन लिहितो. पण खरं सांगू? दिवाळीपासून मी स्वतःसाठी एक ओवीही वाचलेली नाही. उद्या काय लिहायचं म्हणून वाचतो, त्यातलं कामाचं तेवढं उचलतो. पहाटेचं मुकाट्यानं बसणं, जे कुणाला दिसत नाही, ते घाईत कधीतरी काढून ठेवलं आणि परत बसवलंच नाही. मग घरात चिडचिड वाढली, भावाशी बांधावरून अबोला झाला, आणि मी समजत होतो की लोकच वाईट आहेत.

पोराला तिथूनच फोन लावला. आला. उघडं पडलेलं सगळं दाखवलं आणि पत्रे कुणी काढायला लावले तेही सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसतं बोटानं पत्रा दाबला तर बोट आरपार गेलं. म्हणाला, "मंग करून घेऊ ना जी." खर्च माझा, हे मी आधीच सांगून टाकलं.

तयार पत्रा कुठंच मिळाला नाही. मिस्त्रीनं खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा कापला, तीनदा चुकला. चाक दोन्हीकडं पूर्ण वळवून, गाडी जॅकवर वरखाली करून पाहिलं, कुठं घासतं का. डाव्याचा फर्मा उलटा करून उजव्याला लावावा तर तिथं स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो, म्हणून तो वेगळा. अठरा गेजचा पत्रा अँगलवर ठेवून लाकडी हातोड्यानं वळवला, फडफडू नये म्हणून मधे दोन खाचा मारल्या. दोन्ही अंगांनी रेड ऑक्साइड, चाकाकडून डांबरी रंग, आणि खाली पाणी निघायला भोक. वेल्डिंग केलं नाही, रबरी वायसर घालून बोल्टनंच बसवला. मी विचारलं, पक्का का नाही करत? "गुरुजी, पक्का केला त साफ कसा करान? पावसाळा सरला का एकदा खोलून धुवाच लागते."

मडगार्डचा सडलेला भाग कापून नवा तुकडा जोडला. काल संध्याकाळी पोरगा गाडी न्यायला आला. वरचा रंग राहिलाच होता, लालभडक रेड ऑक्साइडनंच गाडी उभी होती. तो खाली वाकला, मोबाइलचा उजेड आत मारून दोन्हीकडचा पत्रा नीट पाहिला. बॉनेटही उघडलं. वाईट वाटलं नाही म्हणणार नाही, पण बरंही वाटलं. "कलर मी मंडईच्या वक्ताले मारीन," म्हणाला आणि निघाला.

आज पहाटे कागद-पेन न घेता ज्ञानेश्वरी उघडली. अर्धा तास बसलो, त्यात दोनदा भावाच्या बांधाचाच विचार आला.

उद्या आठवं लक्षण, स्थैर्य. उशीर झाला तर समजून घ्या.

॥ राम कृष्ण हरी ॥