ते शेजारच्या खिडकीवर

बँकेत चिकटल्यावर माणूस पहिल्या आठवड्यात जे वाक्य शिकतो ते म्हणजे, "ते शेजारच्या खिडकीवर." लोकांचा आमच्यावर जो राग आहे त्यातला निम्मा या वाक्यावरचा. पण खरं सांगतो, या वाक्यात थोडं तत्त्वज्ञानही आहे. अमुक रकमेपर्यंतचा चेक मी पास करायचा, त्यावर एक रुपया चढला की साहेबांची सही. याला आम्ही 'अधिकार' म्हणतो. वास्तविक ती दावणीची लांबी असते.

माझी मावसबहीण सांगलीच्या एका इस्पितळात समाजसेवा अधीक्षक आहे. हुद्दा भारदस्त, पण अधीक्षण करायला एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पंखा. तिच्या दावणीची लांबी मात्र कुणीच मोजलेली नाही. नातेवाइकांना वाटतं, ही अर्धी डॉक्टर. डॉक्टरांना वाटतं, ही अर्धी हिशेबनीस. शिपायाला वाटतं, रडणारं माणूस दिसलं की नेऊन सोडायची जागा.

या कामाची कुळकथा गमतीची आहे. 1895 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात मेरी स्टुअर्ट या बाईंना नेमलं ते ऐपत असून फुकट औषध नेणारे हुडकायला! म्हणजे जवळजवळ आमच्या वसुली खात्यातच. पुढं गरजूंची सोय लावणं हेच मुख्य काम होऊन बसलं. आपल्याकडे 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली नेमणूक झाली. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं अशा लोकांची गणती आरोग्य व्यावसायिकांत केली. कायद्याच्या यादीत नाव आलं, छान झालं. पण दुपारी तीन वाजता जतकडची एक म्हातारी समोर येऊन उभी राहते, तेव्हा ती काही यादी वाचून आलेली नसते.

"ताई, आमच्या मालकांचं काय हाय ते खरं सांगा. पाचची गाडी हाय. म्हस इकायची का नाय ते आजच ठरवायचंय."

रिपोर्ट बहिणीच्या टेबलावरच होता. तिनं तो वाचलाही होता. कॅन्सर. डॉक्टर ऑपरेशनमध्ये.

हे ऐकल्यावर मी म्हणालो, "सांगून टाकायचंस. ठाऊक असून गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच की!"

"दादा, तुझ्याकडे पोरगा बापाची शिल्लक विचारायला आला तर सांगतोस?"

"ते निराळं."

"कसं निराळं? मी नाव सांगितलं की म्हातारी पुढचं विचारणार, किती दिवस, कापलं तर बरं होईल का. तिथं माझ्याजवळ काय आहे? अर्धं सांगून निम्म्या वाटेत सोडायचं?"

मग ती तास-दीड तास ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी राहिली, डॉक्टर बाहेर येताच त्यांना घेऊनच आली. डॉक्टर वैतागले. खुर्चीवर बसले मात्र, आणि नीट बोलले. जाताना बहिणीला म्हणाले, "ऑपरेशनला तयार होत नाहीत, जरा समजवा त्यांना."

आता आपल्या मराठीची लबाडी बघा. 'समजवा' म्हणजे समजेल असं सांगा, आणि 'समजवा' म्हणजे गोड बोलून अंगठा घ्या. डॉक्टरांना दुसरा अर्थ हवा होता. बहिणीनं पहिला घेतला. खर्च किती, महात्मा फुले योजनेत काय बसतं, घरी कोण बघणार, नको म्हटलं तर पुढं काय होईल ते डॉक्टरांकडून पुन्हा वदवून, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि नको म्हणाला. डॉक्टर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही मला, त्यांना माणूस वाचवायचा होता. पण म्हाताऱ्याचा नकार तोडायचा अधिकार कुठल्या खिडकीवर मिळतो?

"आणि म्हैस?" मी विचारलं.

"ते मात्र माझंच काम," ती म्हणाली.

दूध किती देते, डेअरीत काय भाव मिळतो, गाभण आहे का, सगळं तिनं विचारलं होतं. म्हैस ठेवावी असं म्हातारीनंच त्यावरून ठरवलं. छापील फॉर्मात या माहितीला रकाना नव्हता. बहिणीनं ती समासात लिहून ठेवली होती.