श्रीशैलावरील रांग

हैदराबादेहून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, नल्लमलाच्या अरण्यमय डोंगरांत श्रीशैल आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी मल्लिकार्जुन आणि अठरा शक्तिपीठांपैकी भ्रमरांबा येथे एकाच प्राकारात नांदतात. खाली खोल दरीत कृष्णा वाहते. तिला येथे पाताळगंगा म्हणतात.

शासकीय सेवेत असताना आम्ही येथे अनेकदा आलो, ते प्रत्येक वेळी शिफारसपत्र घेऊन. पत्र दाखवले की बाजूचे दार उघडे. त्यात काही वावगे आहे असे कधी मनातही आले नाही. निवृत्तीनंतर, उगादीच्या सुमारास, प्रथमच रांगेत उभे राहिलो. या दिवसांत उत्तर कर्नाटकातून हजारो भाविक पायी येतात. भ्रमरांबेला घरची लेक मानून तिला साडी आणतात. आमच्या पुढचा वृद्ध शेतकरी त्यांपैकीच एक. त्याचे पाय सुजले होते. एवढ्यात रांग थांबवली गेली. कोणी पाहुणे आत गेले होते. म्हातारा काही न बोलता खाली बसला. त्या पाहुण्यांच्या जागी आपण किती वेळा होतो, हे तेव्हा उमगले.

अशा दर्शनाने देव रुष्ट होतो काय, असे आपण विचारतो. आम्हांस वाटते, प्रश्न देवाचा नाहीच. आपण वाचवलेला वेळ रांगेतल्या माणसाचा असतो. रुग्णाला, वृद्धाला, तान्हे मूल घेतलेल्या मातेला वाट करून देणे हा धर्मच होय. तेथे गरज पाहिली जाते. पत्रात केवळ अधिकार पाहिला जातो.

१६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज येथे आले होते. देवीपुढे आपले शिर अर्पण करावे अशी ऊर्मी त्यांना झाली, असे बखरीत सांगितले आहे. राजा येथे द्यावयास आला; आम्ही मात्र दुसऱ्याच्या वाट्याचे घ्यावयास येत राहिलो.

जवळच्या शिखरेश्वराहून मल्लिकार्जुनाचे शिखर दिसले तर पुनर्जन्म चुकतो, अशी श्रद्धा आहे. त्या दर्शनाला पत्र लागत नाही, याचे परतताना विशेष वाटले.

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत अधिकारपदे होती व आहेत. अशी पत्रे मिळणे आपल्याला अवघड नाही. गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याने असेच एक मागितले. आम्ही नकार दिला. तो अद्याप रुसलेला आहे, आणि आम्हांसही ते सोपे गेलेले नाही.